हरलेलीच्या गावी

दसऱ्याच्या आगेमागे अहमदपूरच्या मोंढ्यात, आमच्या धान्यबाजारात, सोयाबीन यायला लागतं आणि गावाचा वास बदलतो. ट्रॅक्टरच्या रांगा, पोत्यांच्या थप्प्या, चाळण्यांचा खडखडाट आणि या सगळ्यावर तरंगणारं पिवळट भुसकट. आमच्या शाळेचं मैदान मोंढ्यापासून फार लांब नाही. संध्याकाळी वारा तिकडून सुटला की सरावाला आलेल्या मुली शिंकत, डोळे चोळत उड्या मारतात. मी सुनीता, त्यांची क्रीडाशिक्षिका. तो वास मला आवडतो असं म्हणता येणार नाही. त्या वासानं माझ्या मनगटांना खाज सुटते, खरीखुरी खाज, आणि मी बाह्या खाली ओढून घेते.

परवा अशाच भुसकटात नववीतल्या दोघींचं भांडण लागलं. दोघी मोबाइलवर जगातल्या मोठमोठ्या बॉक्सरच्या लढती बघतात. एकीचं म्हणणं, ज्यानं सगळ्यात जास्त जणांना आडवं पाडलं तो मोठा. दुसरीचं म्हणणं, जो कधीच हरला नाही तो. तिसरी एक आहे, सहसा बोलत नाही. ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "पर तो खेळला कुनासंगं ते बी बघावं लागंल की. दुबळ्यासंगं खेळून न्हाई हरलं तर काय नवल?" मग तिघी माझ्याकडं आल्या. "मॅडम, तुम्ही तर पंच आहात. मोठा बॉक्सर कसा ओळखायचा?"

"आधी मैदानाला फेऱ्या मारा," मी म्हणाले. शिक्षकाला विचार करायला वेळ हवा असला की तो मुलांना फेऱ्या मारायला लावतो.

मी पंच आहे हे खरं. जिल्ह्याच्या, विभागाच्या स्पर्धा असल्या की मला बोलावतात. मराठीत गंमत आहे, मारतो त्या ठोशालाही पंच म्हणतात आणि निकाल देतो त्यालाही पंचच. शिव्या मात्र दुसऱ्याच्या वाट्याला येतात. रिंगच्या कडेला आम्ही पाच जण एकमेकांपासून लांब बसतो. राऊंड संपला की जिनं तो जिंकला तिला दहा, दुसरीला नऊ. मुठीचा पुढचा भाग समोरच्याच्या चेहऱ्यावर, छातीवर किंवा पोटावर नेमका आणि वजनासकट बसला, तर तो ठोसा. हातांवर, खांद्यावर, पाठीवर बसला तर त्याचा आवाज कितीही मोठा येवो, तो धरायचा नाही. लोकांना हेच कळत नाही. लोक कानांनी बघतात.

तीन राऊंडांचा निकाल मी देऊ शकते. पण माणूस मोठा आहे की नाही याचा निकाल द्यायला रिंगच्या कडेला खुर्ची ठेवलेली नसते. त्यासाठी मला दर वेळी एकाच हंगामाकडं जावं लागतं, ज्या हंगामात माझ्या मनगटांना ही खाज पहिल्यांदा सुटली. आणि एका मुलीकडं, महानंदाकडं.

महानंदा देवणीची. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, किराणा दुकान. आम्ही दोघी लातूरला कॉलेजात शिकायला होतो, होस्टेलवर एकाच खोलीत. लातुरात निम्म्या पाट्या डॉक्टर करून देणाऱ्या क्लासच्या. पाठीवर पिशवी घेऊन सायकलवरून जाणाऱ्या पोरीला लोक एकच प्रश्न विचारतात, "कोणता क्लास लावला?" महानंदा सरळ सांगायची, "बॉक्सिंगचा." पुढचा प्रश्न यायचा नाही. वजनानं ती माझ्याहून थोडी जड. रोज संध्याकाळी सरावात तिच्यासमोर मीच उभी राहायची. त्या हंगामाआधीच तिनं राज्याचं पदक आणलं होतं, देवणीच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला होता, आणि तिला हरवणारी आपल्या भागात कुणी नाही असं आमचं सगळ्यांचं मत होतं. तिचंही असावं.

मग भादव्यात नांदेडला आंतरजिल्हा स्पर्धा झाली. वर पत्रे, आत माणसं, बाहेर गणपतीचे स्पीकर. भादव्याचं ऊन पत्र्यातून खाली ओतल्यासारखं येत होतं. अंतिम लढतीत महानंदा लाल कोपऱ्यात, आणि निळ्या कोपऱ्यात हदगावकडची एक मुलगी, वंदना. तिचं नाव आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं. उंच, सडपातळ, डावखुरी. मी महानंदाच्या कोपऱ्यात बाटली आणि टॉवेल घेऊन उभी होते.

महानंदाचा खेळ म्हणजे मळणी यंत्र. सुरू झालं की थांबायचं नाव नाही. ती पुढं पुढं जात राहिली, धडाधड मारत राहिली आणि दर ठोशाला हॉल ओरडत राहिला. वंदना मागं सरकायची, थोडी बाजूला व्हायची, आणि मधूनच तिचा डावा हात सरळ यायचा. एकच. तो लागल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. फक्त महानंदाचं डोकं किंचित मागं जायचं. तिसरा राऊंड संपला तेव्हा महानंदाच्या नाकातून रक्त येत होतं आणि वंदनाच्या चेहऱ्यावर घामाशिवाय काही नव्हतं.

निकाल तीन विरुद्ध दोन. रेफ्रीनं लाल कोपऱ्याचा हात वर केला. आम्ही नाचलो. वंदनानं पंचांकडं बघितलं नाही, रेफ्रीकडं बघितलं नाही. महानंदाच्या हाताला हात लावला, आमच्या बॉक्सिंगच्या सरांना नमस्कार केला आणि दोरांतून वाकून खाली उतरली. हात वर धरलेली महानंदा लोकांकडं बघत नव्हती. ती वंदनाच्या पाठीकडं बघत होती.

परतीच्या गाडीत मुली गाणी म्हणत होत्या. लोहा गाव मागं गेलं तेव्हा खिडकीजवळ बसलेली महानंदा मला म्हणाली, "सुने, कोन जिंकलं?"

"तू."

"हात कुनाचा वर केला ते न्हाई इचारलं."

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. मीसुद्धा कानांनीच बघितलं होतं.

आमच्यातल्या एकीनं ती लढत मोबाइलवर घेतली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी महानंदानं मला होस्टेलच्या गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलं आणि मोबाइलचा आवाज पूर्ण बंद करून तो माझ्या हातात दिला. "आता मार्क दे," म्हणाली. आणि स्वतः तोंड फिरवून बसली.

आज मी पंच म्हणून जे काही थोडंफार जाणते, त्यातलं निम्मं मी त्या गच्चीवर शिकले. आवाज गेला आणि लढत दुसरीच झाली. महानंदाचे ते धडाधड ठोसे वंदनाच्या दंडांवर आणि कोपरांवर पडत होते. वंदनाचा एक एक डावा मात्र कपाळावर, नाकावर, पुन्हा नाकावर. पहिला राऊंड मी महानंदाला दिला, पुढचे दोन्ही वंदनाला. तिला सांगितलं.

"माझं बी तेच आलं," ती म्हणाली. रात्रभर तिनं तीच लढत बघितली होती.

आमच्या सरांचं म्हणणं साधं होतं. "निकाल लागला की संपलं. कधी पंच आपल्या बाजूनं चुकतात, कधी विरुद्ध. पदक परत देता येत नाही."

"परत न्हाई द्यायचं सर," महानंदा म्हणाली. "तिनं मला कसं मारलं ते बघायचंय. व्हिडिओत दिसंना."

स्पर्धेच्या ग्रुपवर नंबर होता. तिनं माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर.

"मी महानंदा बोलते. लातूरची."

"कोन्ती महानंदा?"

"नांदेडात तुला हरवलेली."

पलीकडून गुरांच्या घंटांचा आवाज येत होता. वंदना म्हणाली, "तू न्हाई हरवलं. पंचांनी हरवलं."

"म्हनूनच फोन केला. तुझ्या गावाला येऊ का? तुझ्यासंगं खेळायचंय."

"सोयाबीन काढनं चालू हाय," ती म्हणाली. "कापू लागशील तर ये."

अप्पांना हे पटायला वेळ लागला. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी त्यांनी तागडी खाली ठेवली. "जिंकलीस न्हवं? मग जायाचं कशाला?" महानंदानं समजावलं नाही. ती दोन दिवस दुकानात बसून राहिली, पुड्या बांधल्या, आणि तिसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, "सुनीता संगं असंल तर जा." अशी मी त्या गोष्टीत आले.

लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव. स्टँडवर वंदना भावाची मोटारसायकल घेऊन आली होती. तिघी एका गाडीवर बसून गावाकडं निघालो. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं सोयाबीन, अधूनमधून कापसाची बोंडं फुटायला लागलेली. तिघींच्या मध्ये ग्लोव्हजची पिशवी होती.

वंदनाची आई, म्हणजे आमची मावशी, दारातच उभी होती. मावशीनं आधी मला न्याहाळलं. "हीच का जिंकलेली?"

"ती न्हाई, ही," वंदनानं महानंदाकडं बोट केलं.

मावशीनं महानंदाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जिंकली तर मंग आली कशाला?"

"मावशी, तुमच्या पोरीनं मला लई मारलं," महानंदा म्हणाली. "कसं मारलं ते कळंना."

"कळंना तर जिंकली कशी?"

वंदना हसली. मावशी मात्र हसली नाही. "पाय धुवा," म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी वंदनाचे वडील शेतातून आले. तरुणपणी जत्रांतून कुस्त्या खेळलेला माणूस, कान अजून मोडलेले. त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "कुस्तीत पाठ लागली की सपलं. आंधळ्याला बी कळतंय कोन जिंकलं. तुमच्या ह्या खेळात कुनाची पाठ लागली?"

"कुनाची न्हाई मामा."

"मंग हारजीत कशाची?"

कुस्तीत वाढलेल्या आपल्या मुलखाला हा प्रश्न पडणारच. मीही तो अजून पूर्ण सोडवलेला नाही.

सकाळी विळे घेऊन शेतात जायचं. वाकून कापत जायचं, मूठ मूठ मागं ठेवत. वाळलेल्या शेंगांची लव मनगटाला, गळ्याला, कानामागं चिकटते आणि मग अशी खाज सुटते की माणूस नखं लावून कातडं सोलेल. ऊन वर आलं की शेंगा तडकायला लागतात, म्हणून उन्हाच्या आत जितकं होईल तितकं काम. कापलेल्या रानात खुंट चपलेतून टोचतात. महानंदा दुकानातली पोर, तिला कापता येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिच्या हाताला फोड आले. वंदनानं बघितलं, तिच्या ओळीतलं निम्मं कापून पुढं गेली.

दुपारी ऊन कललं की खेळ. मळणी होऊन मोकळी झालेली जागा होती, टणक, सपाट. तिच्या चार कोपऱ्यांना आम्ही चार दगड ठेवले. मी घड्याळ बघायची आणि रेफ्रीही मीच. मधूनमधून मीही ग्लोव्हज घालून वंदनासमोर उभी राहायची. तेव्हा मला तो डावा हात कळला. तो जोरात येत नव्हता. आपण मारायला निघालो की वाटेतच भेटायचा. दारातून बाहेर पडावं आणि समोर कुणी उभं असावं तसा.

पहिले काही दिवस महानंदा चिडायची. मार खाल्ला की ती अधिक जोरात जायची, आणि अधिक मार खायची. नाक सुजलं, खालचा ओठ फुटला. मजुरीला आलेल्या बायका काम थांबवून बघत. त्यातली एक मावशीला म्हणाली, "अगं, जिंकलेलीला तर तुजी पोर चोपून राहिली!" मावशी फक्त "कापा, कापा," म्हणाली. पण त्या दिवसापासून तिनं आमच्याकडं बघायला सुरुवात केली.

महानंदाच्या घरात मटण चालत नाही, हे मावशीला कळलं तेव्हा तिला मोठा धक्का बसला. "बिनमटनाची मारती कशी गं ही?" पण तिनं अंबाडीची भाजी आणि पिठलं वेगळ्या भांड्यात करायला सुरुवात केली, चूल आधी सारवून. महानंदा भाकरीवर भाकरी खायची. ज्याच्या दारात मार खायला आलो त्याच्या घरचं इतकं मनापासून जेवणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

मग एक दिवस ती वंदनाला म्हणाली, "आज मी मारनार न्हाई. तू मार. मी फकस्त बघते."

आणि ती उभी राहिली. हात वर, हनुवटी खाली, एकही ठोसा न मारता. वंदना मारत होती, ती अडवत होती, चुकवत होती, खात होती. डोळे मिटत नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच. आपण माराच्या समोर डोळे मिटतो, हे शरीराचं साधं शहाणपण. ते विसरायला काय लागतं ते मला ठाऊक आहे, कारण मला ते कधी पूर्ण जमलं नाही. मी चांगली बॉक्सर झाले नाही ती त्यामुळंच, आणि त्याचं मला फारसं दुःखही नाही. पण त्या दोन दिवसांत मी काहीतरी बघत होते हे मला तेव्हाच कळत होतं. पदक जिंकलेली मुलगी, जिच्या नावाचा फ्लेक्स चौकात आहे, ती एका शेताच्या कडेला पहिलीच्या पोरासारखी मुळाक्षरं गिरवत होती.

हळूहळू ठोसे चुकायला लागले. वंदनाचा डावा हात निघाला की महानंदाचं डोकं आधीच तिथून हललेलं असायचं. वंदना वैतागून म्हणाली, "आता कसं करू गं तुला?" आणि मग तिनंही नवीन काही काढलं, पोटात मारायला लागली.

निघायच्या आदल्या दिवशी तिघी सोयाबीनच्या गंजीला टेकून चहा पीत बसलो होतो. गंजीवरची ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. वंदना एकाएकी म्हणाली, "तू उजवा मारायच्या आधी हनुवटी वर करती. हवा घेती. मला तवाच कळतंय."

महानंदानं कप खाली ठेवला. नांदेडला ती का हरली ते या एका वाक्यात होतं. ते शोधायलाच तर ती आली होती, आणि तिला ते शेवटपर्यंत सापडलं नव्हतं.

"हे सांगितलंस कशाला?" ती म्हणाली. "मार्गशीर्षात लातूरला विभागाची निवड चाचणी हाय. एकच जागा. आपन दोघी परत समोरासमोर येनार."

"ठाव हाय."

"मग?"

"हितं मला खेळायला हाय कोन?" वंदना म्हणाली. "आमचे सर आठवड्यातून एकदा हदगावला येतेत. बाकी दिवस म्या भिंतीसंगं खेळून राहिली. भिंत काय परत मारती का? तू चांगली झाली तर मला चांगलं व्हावं लागंल."

मी खूपदा विचार केला आहे, त्या गंजीपाशी मोठं कोण होतं? विचारायला आलेली, की सांगून टाकणारी? पंच म्हणून मला दोघींना दहा-दहा द्यावेसे वाटतात. नियमात ते बसत नाही.

महानंदा पुढं काय झाली ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. ती दोनदा देशात पहिली आली, देशाच्या नावाचा पोशाख घालून परदेशात खेळून आली. देवणीत तिचा सत्कार झाला तेव्हा व्यासपीठावरचे पाहुणे म्हणाले, ही देणगी जन्मजात असते, ती शिकवून येत नाही. मी खाली बसले होते. मला तो फुटलेला ओठ आणि हातावरचे फोड आठवले. जन्मजात काही असलंच तर एवढंच, की तिला आपली हार झाकून ठेवता येत नव्हती. लोकांनी जीत म्हणून दिली तरी.

आणि ती हरलीही. पुष्कळदा हरली. तिच्याबद्दल बोलताना लोक हे विसरतात. म्हणून माझ्या मुलींपैकी जी म्हणते की कधीच न हरणारा मोठा, तिला मला सांगावंसं वाटतं, न हरणाऱ्याची अर्धी परीक्षा झालेलीच नसते. आडवे पाडलेले मोजणारीला सांगावंसं वाटतं, आडवे पडले ते कोण होते ते बघ. आणि त्या न बोलणारीचं बरोबर आहे, पण तिचंही पुरेसं नाही. बॉक्सर मोठा की नाही हे मी त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्यांना विचारते. ज्यांनी त्याचा मार खाल्ला त्यांना, आणि ज्यांनी त्याला मारलं त्यांनाही. त्यांचा कान आवाजाला फसत नाही.

वंदना आता पोलिसात आहे, नांदेडला. त्या मार्गशीर्षानंतर ती वरच्या वजनगटात गेली, तिथं राज्याचं पदक मिळवलं, मग भरतीत निवडली गेली. यंदा गणपतीच्या बंदोबस्तात मला रस्त्यावर भेटली. ऊन तसंच, स्पीकर तसेच. मी तिला सरळ विचारलं, "वंदे, महानंदा खरंच मोठी होती का गं?"

"लई मोठी," ती लगेच म्हणाली. "म्या लई जणींसंगं खेळले. बाकीच्या एकदा कळल्या की तशाच राहायच्या. ही दर बारीला नवीनच. काल जिथं मारलं तिथं आज सापडायची न्हाई." मग एका रिक्षावाल्याला शिट्टी मारून मागं सारलं आणि माझ्याकडं वळली. "पर त्या दिवशी नांदेडात म्या जिंकले व्हते."

"हाव," मी म्हणाले.

आता मार्गशीर्षातली ती चाचणी. लातूरला थंडी पडली होती. हॉलच्या बाहेर लोक उन्हात उभे होते. मावशी हदगावहून एसटीनं आली होती, डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत बसली. शेतातलं ते खेळणं तिनं बघितलं होतं, पण रिंग, घंटा, दिवे हे पहिल्यांदाच.

मी आजवर पुष्कळ लढती बघितल्या, पण तसली नाही. वंदना आधीसारखी मागं सरकत होती, पण यावेळी महानंदा तिच्यामागं धावत नव्हती. तीही थांबत होती. दोघी एकमेकींची वाट बघत होत्या, आणि हॉल कंटाळून गप्प झाला होता. मग महानंदाचा उजवा निघाला. हनुवटी वर गेली नाही. वंदनाला तो दिसलाच नाही. दुसऱ्या राऊंडात वंदनानं पोटात मारून मारून महानंदाला वाकवलं, आणि वाकलेलीच्या ओठावर तो जुना डावा बसवला. तो राऊंड तिचाच. तिसऱ्यात दोघींनी मागं सरकणं सोडलं. शेवटची घंटा झाली तेव्हा दोघींनी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकलं, कारण उभं राहायला दुसरा आधार नव्हता.

चार विरुद्ध एक, महानंदा. यावेळी कुणी ओरडलं नाही, कुणी वाद घातला नाही. वंदना रिंगमधून उतरताना एवढंच म्हणाली, "हनुवटी." महानंदानं मान हलवली.

बाहेर लिंबाखाली मावशी फडक्यातली भाकरी सोडून बसली होती. वंदना तिच्या शेजारी पाय पसरून बसली. डोळे लाल होते. एका जागेसाठी वर्षभर खेळलेल्या मुलीची जागा गेली होती, आणि त्याला कसलंही शहाणं उत्तर नसतं. मी थोडी लांब उभी राहिले. महानंदा ओठाला बर्फ लावून आली आणि मावशीच्या समोर उभी राहिली. पाया पडायला वाकली तर मावशीनं पाय मागं घेतले.

"माझ्या घरी जेवून माझ्याच पोरीला मारली," मावशी म्हणाली.

"हाव मावशी."

वंदना म्हणाली, "आई, राहू दे ना." मावशीनं तिच्याकडं बघितलं नाही.

"आता फुडं कुठं जाशील?"

"पुण्याला. मग राज्याकडनं दिल्लीला."

"तिथं कुनाचा मार खायचा न्हाई," मावशी म्हणाली. "खायचाच असंल तर आमच्या घरी यायचं."

महानंदाच्या हातातला बर्फ वितळून मनगटावरून खाली ठिबकत होता. मावशीनं तिचा हात बाजूला केला, हनुवटीला धरून चेहरा उन्हाकडं वळवला आणि ओठावरची सूज नीट बघितली.

"हे आमच्या वंदीचं का?"

"हाव."

"बरं झालं," मावशी म्हणाली. मग भाकरी मोडली, कडक भाग वंदनाच्या ताटलीत टाकला आणि वरचा मऊ पापुद्रा तेवढा सोलून महानंदाच्या हातावर ठेवला.